काळ्या पाण्यावरची पाहणी

आश्लेषा छातीपर्यंत काळ्या पाण्यात उभी राहून हातातलं जाळं झाडाच्या मुळांखाली सरकवत होती, आणि तिला भेटायला व्हर्जिनियातल्या हर्नडनहून खास आलेला शंतनू काठावर एका पायावर तोल सावरत बूट काढत होता. संध्याकाकूंनी मिनीव्हॅनच्या मागच्या दारातून घडीची खुर्ची ओढून काढली, उघडली, आणि आजूबाजूला पाहत ती ठेवायला एक उंचवटा निवडला.

"तिथे नको, काकू," आश्लेषा पाण्यातूनच म्हणाली. "ते लाल मुंग्यांचं वारूळ आहे. वाईट चावतात."

काकूंनी खुर्ची उचलून घेतली. मुलामुलीच्या पहिल्या भेटीत पहिलं वाक्य मुंग्यांबद्दल निघावं, असं त्यांच्या हातून जमलेल्या इतक्या लग्नांत कधी झालं नव्हतं.

खरं तर ही भेट काकूंच्या कॅरी गावातल्या घरी व्हायची होती. चैत्र सुरू होता. इंडियन स्टोअरमध्ये बऱ्या कैऱ्या आल्या होत्या, पन्हं करून ठेवलं होतं, बैठकीतल्या उशांचे अभ्रेही बदलून झाले होते. शुक्रवारी संध्याकाळी आश्लेषाचा फोन आला. सोमवारपासून दक्षिणेकडच्या एका रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम सुरू होणार होतं. रस्त्यालगतची दलदल भरून काढायची होती. त्या दलदलीत नखाएवढ्या माशांची एक दुर्मीळ जात राहते, असा तिला दाट संशय होता. मासा सापडला तर रस्त्याची आखणी बदलावी लागली असती. न सापडला तर मातीचे ट्रक तयारच होते. तिनं आधी दोन फेऱ्या मारल्या होत्या, हाती काही लागलं नव्हतं. उरला होता तो शनिवार. तेव्हा भेट पुढे ढकलता येईल का, असं तिनं फार ओशाळून विचारलं होतं.

काकू म्हणाल्या, "ढकलायची कशाला? आम्हीच येतो तिकडे. डबा घेऊन येते."

आश्लेषाची आई उत्तरा ही काकूंची साताऱ्याची शाळेपासूनची मैत्रीण. मुलगी तेहतीस वर्षांची झाली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळ्या पाण्याच्या नद्यांमधल्या बारीक माशांवर पीएचडी करून बसली, आता राज्याच्या एका संग्रहालयात बाटल्यांमधले मासे ओळखते, पण स्वतःसाठी म्हणून कुणाकडे मान वर करून पाहत नाही, ही उत्तराची पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक फोनवरची तक्रार होती. काकूंना लग्नं जुळवायचं काम जमायचं. चार वर्षांपूर्वी काकूंचे पती अरुण गेले, त्यानंतर घरातला फोन वाजत राहिला तो याच कामामुळे. न्यू जर्सी, व्हर्जिनिया, जॉर्जिया, कुठून कुठून आया बोलायच्या. काकूंचा एकच नियम होता. दोघांना समोरासमोर बसवायचं, खायला द्यायचं, आणि मग घरातल्या सगळ्यांनी तिथून उठायचं.

इथे उठून जायला घर नव्हतं. उंच सायप्रसची झाडं पाण्यातच उभी होती, त्यांची मुळं गुडघ्यांसारखी पाण्याबाहेर वर आलेली. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, पण घाण नव्हे. ओंजळीत घेतलं तर स्वच्छ, नुसतं पिवळसर दिसायचं. वर्षानुवर्षं पानं कुजून त्यांचा अर्क उतरला की असा रंग येतो, हे आश्लेषानं शंतनूला सांगितलं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली रिओ नेग्रो नदीही अशीच आहे, फक्त तिचा पलीकडचा काठ दिसत नाही.

"आणि तिथले मासे?" शंतनूनं विचारलं.

"पानांच्या ढिगात राहतात. बुडालेल्या पानांचे थरच्या थर असतात. त्यातच जन्म, त्यातच लग्न, त्यातच सगळं. काही तर तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. पूर्ण वाढलेले."

लग्न हा शब्द काकूंनी टिपला. बरं चाललं होतं. शंतनूनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ पाण्यात शिरला. तो नागपूरचा, पस्तिशीचा, हर्नडनला एका सॉफ्टवेअर कंपनीत. अंगानं आडवा, स्वभावानं मोकळा. तिसऱ्या पावलाला तो कमरेपर्यंत खाली गेला, आणि वर आला तेव्हा हसत होता.

एवढ्यात एका रुंद बुंध्याआडून चौथं माणूस निघालं. रबरी पोशाख घातलेले, डोक्यावर कापडी टोपी, हातात पांढरा ट्रे, असे एक उंच, वाळकुडे गृहस्थ. पांढऱ्या मिशांवर शेवाळाचा एक धागा अडकला होता.

"हे प्रल्हादकाका," आश्लेषा म्हणाली. "आमच्याकडे व्हॉलंटियर करतात. मासे माझे, झाडं त्यांची."

प्रल्हादकाकांनी ट्रे सांभाळत मान लववली. रिसर्च ट्रँगल या जवळच्या संशोधन वसाहतीतल्या एका औषध कंपनीतून ते निवृत्त झाले होते. मूळचे नागपूरचे, पण शंतनूच्या जन्माआधीच शिकायला म्हणून इकडे आलेले. इतकी वर्षं याच भागात राहून हा माणूस आपल्याला एकदाही मंडळाच्या गणपतीत कसा दिसला नाही, याचं काकूंना नवल वाटलं. त्यांनी तसं विचारलंही.

"गर्दीत मला काही सुचत नाही," ते म्हणाले.

सकाळ चढत गेली. आश्लेषा पद्धतशीर होती. एकेक कोपरा घ्यायची, जाळं मुळांखालून फिरवायची, वर काढायची, कुजक्या पानांचा लगदा बोटांनी उलगडायची. कोळंबीसारखे किडे निघत, बेडकांची पिल्लं निघत, ओळखीचे मासे निघत. ती एका नजरेत ओळखून त्यांना परत सोडायची. शंतनू तिच्यामागून बादली घेऊन फिरत होता आणि बरेच प्रश्न विचारत होता. ती सगळ्यांची उत्तरं देत होती, पण तिचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. काकूंना तो चेहरा माहीत होता. दहावीच्या निकालाआधी उत्तराचा असाच झाला होता.

बसून बसून कंटाळा आला तशा काकू काठापर्यंत गेल्या. पाण्यावर एक अजब वनस्पती तरंगत होती. चाकाच्या आऱ्यांसारख्या हिरव्या फुगीर काड्या चहूबाजूंनी पसरलेल्या, आणि मधोमध दांड्यावर दोन-तीन पिवळी फुलं. जणू कुणी फुलदाणी बुडू नये म्हणून खाली तराफा बांधून दिला होता.

"ही मांसाहारी आहे," प्रल्हादकाका म्हणाले. ते कधी जवळ आले होते कळलंच नाही. "खाली, पाण्यात, हिला बारीक पिशव्या असतात. किडा जवळ आला की पिशवीचं दार उघडतं, तो आत, दार बंद." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "सीतेची आसवं ऐकलंय तुम्ही?"

"ऐकलंय काय? साताऱ्याची आहे मी."

"ही तिची सख्खी चुलत बहीण."

काकूंनी वाकून परत पाहिलं. "पण ती निळी असतात. जांभळट निळी."

"बरोबर." त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ट्रे खाली ठेवला. "तुम्ही पाहिलीत? कासला?"

"दर वर्षी. श्रावण संपता संपता वडील न्यायचे. तेव्हा तिथे काही नसायचं, कुंपण नाही, गाड्या नाहीत. नुसता ओला खडक आणि धुकं. वडील सांगायचे, दगडावरून चाला, फुलावर पाय पडला तर घरी परत नेणार नाही. ती फुलं एवढीशी असतात, पण एकदम सगळी येतात. धुकं हटलं की खडकच निळा दिसायचा."

प्रल्हादकाका ऐकत राहिले. काकूंना वाटलं, आता ते शास्त्रीय काहीतरी सांगतील. त्यांनी सांगितलं नाही.

"मी कास पाहिलंच नाही," ते म्हणाले. "फोटो पाहिलेत. त्यात धुकं नव्हतं."

मग त्यांनी विचारलं, जवळून बघायचं आहे का. त्यांच्या ट्रकमध्ये एक जादा वेडर होता, पायांपासून छातीपर्यंत येणारा रबरी पोशाख. काकू नको म्हणणार होत्या. त्या बासष्ट वर्षांच्या होत्या, गुडघ्याचं दुखणं होतं, आणि त्या आल्या होत्या त्या कामात पाण्यात उतरणं बसत नव्हतं. पण धुक्याबद्दल बोलून झाल्यावर नको म्हणणं त्यांना जरा कोतं वाटलं. पाचच मिनिटांत त्या खांद्यावरचे पट्टे आवळून, हिरव्या रबरात हत्तीसारख्या दिसत, एकेक पाऊल चाचपत आत शिरल्या. पाण्याचा गारवा रबरातून पायांना सगळीकडून चिकटला. पायाखाली मऊ होतं, पण बुडत नव्हतं. वरून पाहिलेली ती अंधारी जागा आत उभं राहिल्यावर अंधारी राहिलीच नाही. झाडांमधून ऊन येऊन पाण्यात विटकरी रंगाच्या तिरिपी उतरल्या होत्या.

"इकडे आधार घ्या," म्हणत प्रल्हादकाकांनी एक गुडघा दाखवला. सायप्रसचा.

त्यांनी ती पिवळी वनस्पती दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि काकूंनी धरलेल्या ट्रेमधल्या पाण्यात ठेवली. खाली केसांसारखे तंतू होते आणि तंतूंना मोहरीएवढ्या पिशव्या. काकू चष्मा वर करून बघत होत्या. ट्रेच्या कोपऱ्यात पानाचा एक तपकिरी तुकडा होता. तो तुकडा थोडा सरकला. काकूंनी ट्रे स्थिर धरला. तुकडा उलट दिशेला सरकला.

"हे पान चालतंय," काकू म्हणाल्या.

प्रल्हादकाकांनी वाकून पाहिलं आणि मान वर न करता हाक मारली, "आश्लेषा. सावकाश ये."

ती सावकाश आली नाही. तिच्या लाटेनं ट्रे हेलकावला. मासा करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा होता. त्याच तंतूंच्या जाळ्यात आणखी एक निघाला, पोटाशी गोल, जरा फिकट. मादी. आश्लेषानं दोघांना एका अरुंद काचेच्या डबीत घेतलं, काठावर आली आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं.

"तोच का?" शंतनूनं विचारलं.

"पिग्मी सनफिश आहे, नक्की. पण इथे दोन जाती होतात. एक सगळीकडे सापडते, तिच्या अंगावर वरच्या बाजूला काळा ठिपका असतो. आपल्याला हवाय त्याला ठिपका नाही, नुसत्या बारीक उभ्या रेघा. आणि हा घाबरून पांढरा पडलाय. ठिपका दिसत नाही आणि रेघाही दिसत नाहीत." तिनं डबी उजेडात फिरवली. "असा फोटो कोणी मानणार नाही, यार."

शंतनू वाकला. प्रल्हादकाका वाकले. तिघांची डोकी डबीवर एकत्र आली आणि मासा तळाशी जाऊन आणखीच फिका पडला.

"अगं, उठा तिथून," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज आपोआप बैठकीतला झाला. "तीन-तीन माणसं डोळे वटारून बसली तर कुणाच्या तोंडावर रंग राहील? एखादी काडी टाक आत, आडोसा होईल. ठेव सावलीत. आणि चला जेवायला. त्या दोघांना जरा एकटं सोडा."

आश्लेषानं त्यांच्याकडे पाहिलं आणि सकाळपासून पहिल्यांदा मोकळी हसली. "काकू, अगदी हेच करतात. मीच विसरले होते घाईत."

जेवण गाडीच्या मागच्या दारात मांडलं. पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, कैरीची डाळ, थर्मासमध्ये पन्हं. आश्लेषा आणि शंतनू आपल्या कागदी ताटल्या घेऊन पलीकडच्या आडव्या पडलेल्या ओंडक्यावर जाऊन बसले. काकूंना मुद्दाम सांगावं लागलं नाही. एरवी अशा वेळी त्या स्वयंपाकघरातून कान देत, कोण किती बोलतं, कोण गप्प राहतं, हसू कोणाचं आधी येतं हे मोजत. आज त्यांनी सुरुवातीला एकदा तिकडे पाहिलं. मग प्रल्हादकाकांनी डाळीचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटले, तेव्हा त्यांचं लक्ष इकडेच राहिलं.

"कैरी आंबट मिळाली तुम्हाला," ते म्हणाले. "मला नेहमी गोडसर मिळते."

"वरच्या खोक्यातली घेत असाल. खालच्या खोक्यातली मागायची. घरी कोण करतं?"

"मीच. एकटाच आहे. लग्न राहून गेलं."

एवढ्यावर काकूंचे पुढचे प्रश्न ठरलेले असत. का राहिलं, कधी राहिलं, घरचं कोण आहे, पुन्हा विचार केला का. त्यांनी त्यातला एकही विचारला नाही. त्यांनी डाळीचा डबा त्यांच्याकडे सरकवला. प्रल्हादकाकांनी आणखी थोडी वाढून घेतली आणि दलदलीत उन्हाळाभर काय काय फुलतं ते सांगू लागले. पुढच्या महिन्यात घटपर्णीची फुलं येणार होती. पलीकडच्या काउंटीत एक तळं होतं, तिथे पाण्याखाली उगवणारं एक गवत त्यांना दोन वर्षं ओळखता आलं नव्हतं. ते बोलताना मधेच थांबत, योग्य शब्द सापडला की पुढे जात, आणि काकू थांबलेल्या जागी काही घालत नव्हत्या. अरुणशी बोलताना त्यांना घालावं लागायचं. अरुणला ते आवडायचं. दोन्ही बरं होतं.

"काकू," आश्लेषाची हाक आली, हळू. "या. पण पाय न वाजवता."

डबीतला मासा आता तो मासा राहिला नव्हता. तो मखमली काळा झाला होता आणि त्या काळ्यावर निळ्या बारीक उभ्या रेघा एकीशेजारी एक चमकत होत्या. वरती, पाठीच्या खाली, जिथे ठिपका असता, तिथे नुसत्या रेघाच होत्या. पर फुलवून तो मादीसमोर एका बाजूनं टुणटुण उड्या मारत जाई, थांबे, पर एकामागून एक हलवी, आणि परत दुसऱ्या बाजूनं निघे. मादी काडीआड होती. तिनं बराच वेळ लक्ष दिलं नाही. मग ती थोडी पुढे आली.

आश्लेषानं कॅमेरा लावला. कॅमेरा स्थिर राहावा म्हणून शंतनूनं तिची कोपरं खालून धरली, आणि तिनं एकामागून एक फोटो घेतले.

"तोच आहे," शेवटी ती म्हणाली.

फोनला रेंज येईपर्यंत ती रस्त्यानं बरीच लांब चालत गेली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. तिच्या साहेबांनी रस्ते खात्यातल्या सगळ्यांना घरी फोन करून गाठलं होतं. या बाजूचं काम सोमवारी सुरू होणार नव्हतं. आखणी नव्यानं करायचं ठरत होतं. मग चौघांनी मिळून माशांची जोडी जिथून आणली तिथेच, त्या पिवळ्या फुलांखाली सोडली. डबी तिरकी केली तसे दोघं क्षणभर काठाशी थांबले आणि मग काळ्या पाण्यात दिसेनासे झाले.

परतीच्या रस्त्यावर काकूंच्या शेजारी बसलेल्या शंतनूनं ओले मोजे प्लास्टिकच्या पिशवीत घालून पायाशी ठेवले होते. दोन्ही बाजूंना पाईनची झाडं सरळ मागे जात होती. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "काकू, तुम्ही अजून विचारलंच नाही."

"काय रे?"

"आमचं."

काकूंनी आरशात पाहिलं, जणू मागे कुणी बसलं होतं. मग त्याच्याकडे पाहिलं. विचारायचं त्या खरंच विसरल्या होत्या.

त्यानं सगळं नीट सांगितलं. जूनमध्ये तो नोकरी सोडून नागपूरला परत चालला होता. वडिलांची तब्येत हे एक कारण, मन लागत नाही हे दुसरं. काकूंना आधीच सांगायला हवं होतं, पण आईनं भेटून ये म्हणून हट्ट धरला होता. जेवताना त्यानं आश्लेषाला ते सांगितलं. तिनंही सांगितलं की तिला इथून हलायचं नाही, आता तर मुळीच नाही. मग दोघांनाही फार हलकं वाटलं. मुलगी फार चांगली आहे, तो म्हणाला, जन्मभर मैत्री राहील. ती डिसेंबरात कान्ह्याचं जंगल पाहायला येणार आहे आणि तो तिला न्यायला स्टेशनवर जाणार आहे.

"तुम्ही रागावणार, असं आम्हाला दोघांनाही वाटत होतं," तो म्हणाला.

एरवी यावर काकूंचं तडजोडीवरचं एक लांबलचक बोलणं कॅरी येईपर्यंत पुरलं असतं. त्या म्हणाल्या, "रागवायचं काय त्यात? खरं बोललात." आणि थोड्या वेळानं गाडी हळू करून त्यांनी बोट दाखवलं. "ते बघ. त्या ओढ्यात. पिवळं. तेच ना?"

त्याला दिसलं नाही. त्यांना दिसलं होतं.

घरी येऊन डबे घासायला घेतले तोवर दिवेलागण झाली होती. पुण्यात आता रविवारची पहाट. उत्तरा चहा घेऊन फोनपाशीच बसली असणार. काकूंनी फोन खांदा आणि कानामध्ये धरला आणि नळ सोडला.

"झाली का भेट?" उत्तरानं पलीकडून लगेच विचारलं.

"झाली. दिवसभर तिथेच होतो. मासा सापडला तिचा."

"मासा जाऊ दे गं. कसा वाटला ते सांग."

काकूंनी डाळीच्या डब्याचं झाकण पाण्याखाली फिरवलं. खिडकीत त्यांचं स्वतःचं प्रतिबिंब पडलं होतं. कानाशी शेवाळाचा एक वाळलेला धागा होता, तो त्यांनी ओल्या बोटानं काढला.

"चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "कमी बोलतात, पण ऐकतात नीट. एकटेच राहतात, स्वयंपाक स्वतः करतात. पुढच्या शनिवारी त्या तळ्यावर जायचं ठरलंय, गवत ओळखायला."

पुण्याहून कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"संध्या," उत्तरा सावकाश म्हणाली, "मुलगा किती वर्षांचा आहे म्हणालीस?"